परसातली चार झाडं: वाचकांचे प्रश्न

गेल्या वर्षी या सदरात टोमॅटोबद्दल लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेले, की कॅनडात बहुतेक प्रांतांत घरी भांगेची चार झाडं लावता येतात आणि त्यांना ऊन टोमॅटोइतकंच लागतं. त्या वाक्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी मेथी-कोथिंबिरीवर आजवर आलेली नाहीत. 'आपल्या मासिकात हे कशाला?' असंही दोघांनी विचारलं. भांगेला मोकळीक देणारा कॅनडाचा कायदा १७ ऑक्टोबर २०१८ पासून लागू आहे आणि झाडं आपल्याच लोकांच्या परसात उभी आहेत. मग माहिती यूट्यूबवरच्या टोपीवाल्या पोरांकडूनच घ्यायची का?

नव्या वाचकांसाठी माझी ओळख. मी निफाडच्या द्राक्षवाल्यांच्या घरातली. इथे आल्यावर लेमिंग्टनला टोमॅटोच्या काचघरांत नोकरी केली, आता निवृत्त आहे आणि इरी सरोवराच्या काठी राहते. मी स्वतः ओढत नाही. झाडं मुलाची, मशागत माझी. माझ्या लेखी हे पीकच आहे. त्यावर भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) येते, अळी पडते आणि हाताशी आलेला माल पावसात जातो. आलेल्या पत्रांत खत कुठलं, हे जवळजवळ प्रत्येकाने विचारलंय. सप्टेंबरात काय करायचं, हे मात्र माल सडेपर्यंत कुणी विचारलं नाही.

आम्ही नवरा-बायको दोघंही तिशीतले. दोघांची मिळून आठ झाडं लावली तर चालतील ना? बी कधी टाकायचं, कुंडी केवढी घ्यायची, खत कोणतं? (ब्रॅम्प्टन)

आठ चालणार नाहीत. चार झाडं दर घराला आहेत, दर माणसाला नाहीत. घरात सहा मोठी माणसं असली तरी चारच. रोप बोटभर आहे म्हणून ते मोजणीतून सुटत नाही, त्यामुळे 'दोन मरतील म्हणून सहा टाकू' हा आपला नेहमीचा हिशेब इथे करू नका. पाच-सहा झाडं सापडली तर दंडाचं तिकीट देऊन सोडण्याची सोय कायद्यात आहे, पण खटला उभा राहिला तर कमाल शिक्षा १४ वर्षं. ज्यांचं अजून पीआरच (कायम वास्तव्याचा परवाना) आहे, नागरिकत्व नाही, त्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. इतक्या मोठ्या शिक्षेचा गुन्हा सिद्ध झाला तर पीआरही धोक्यात येतं. तुम्ही भाड्याने किंवा कॉन्डोत राहत असाल तर आधी करार काढून वाचा. घरमालक आणि कॉन्डोचं मंडळ झाडांना मनाई करू शकतात.

बी परवानाधारक दुकानातूनच घ्या आणि पाकिटावर 'फेमिनाइज्ड', म्हणजे मादी झाडंच देणारं बी, असं लिहिलंय का ते पाहा. एप्रिलच्या शेवटी बी रात्रभर कोमट पाण्यात ठेवा, मग ओल्या पेपर टॉवेलमध्ये. पांढरा कोंब दिसला की नखभर खोल मातीत. व्हिक्टोरिया डेच्या (२५ मेच्या आधीचा सोमवार) आधी रोप बाहेर कायमचं लावू नका, आणि रात्रीचं तापमान १० अंशांच्या वर राहतंय ना ते पाहा. त्याआधी आठवडाभर रोपं रोज थोडा वेळ बाहेर ठेवून कणखर करा. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग हळूहळू उन्हात. खिडकीत वाढलेलं रोप एकदम उन्हात ठेवलं की पानं कागदासारखी पांढरी पडतात.

घरात दिव्याखाली रोपं वाढवणाऱ्यांसाठी एक सूचना. दिवा १८ तास चालू ठेवून वाढवलेलं रोप मेच्या मध्याला अचानक बाहेर काढलं, तर त्याला दिवस एकदम लहान झाल्यासारखा वाटतो आणि ते अवेळी फुलायला लागतं. बाहेर काढायच्या आधीच्या दोन आठवड्यांत दिव्याचे तास कमी करत १५-१६ वर आणा.

कुंडी ४० ते ६० लिटरची, शक्यतो कापडी. मातीत तिसरा हिस्सा चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि निचऱ्यासाठी पर्लाइट. मातीचा सामू (पीएच) सहा ते पावणेसात. खताचं विचाराल तर टोमॅटोचं चालतं. जुलै संपेपर्यंत नत्र, फुलोरा दिसला की नत्र कमी आणि पालाश जास्त. यापेक्षा जास्त डोकं खतात घालू नका. रंगीत बाटल्यांचा तो अख्खा संच विकत घेणाऱ्यांचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

पानांच्या पाच-सहा जोड्या आल्या की शेंडा खुडा. द्राक्षवाल्यांना हे शिकवायला नको: शेंडा खुडला की बगलफूट जोर धरते आणि झाड उंच न जाता पसरतं. जुलैच्या मध्यानंतर मात्र कात्री आवरा.

काकू, ऑगस्टची २५ तारीख उलटली तरी माझ्या झाडांना फुलोराच नाही. शेजाऱ्यांची झाडं त्याच पाकिटातल्या बियांची, त्यांना कधीच तुरे आलेत. माझी मात्र आठ फूट वाढून नुसती हिरवीगार. फॉस्फरस कमी पडतोय का? (मिल्टन)

फॉस्फरस नाही रे, दिवा! तू पत्रासोबत पाठवलेल्या फोटोत झाडांच्या डोक्यावर गॅरेजचा फ्लडलाइट आहे. तो संध्याकाळी लागतो तो सकाळीच बंद होतो, हो ना?

हे झाड दिवस मोजत नाही, रात्र मोजतं. शेवंतीसारखंच. आपल्याकडे शेवंती दिवाळीच्या सुमाराला बाजारात येते ती रात्री लांबल्यावर, आणि तिला उशिरा फुलवायची असेल तर शेतकरी शेतात बल्ब लावतात. तू नकळत तेच केलंस. टोरांटोच्या अक्षांशावर २१ जूनला दिवस जवळजवळ साडेपंधरा तासांचा असतो आणि ऑगस्टच्या मध्याला तो चौदा तासांवर येतो. रात्र दहा तासांची झाली की बहुतेक वाणांना फुलोऱ्याचा इशारा मिळतो. पण ती रात्र सलग काळोखाची हवी. मध्येच दिवा पडला की झाडाच्या लेखी रात्र तुटली. तुटक काळोखात कधी फुलोरा थांबतो, तर कधी मादी झाडावरच नर फुलं येतात आणि सगळ्या मालात बी भरतं.

तो दिवा आजपासून बंद कर, नाहीतर माणूस आला तरच मिनिटभर लागणारा बसव. आता तुझं पीक दोन-तीन आठवडे मागे पडलंय. ऑक्टोबरात पाऊस आणि थंडीशी गाठ आहे, तेव्हा खाली बुरशीवरचं उत्तर दिलंय ते वाचच.

ज्यांच्या डेकवर गणपतीत रात्रभर दिव्यांच्या माळा असतात, त्यांनाही हेच लागू. बाप्पा नेमके ऑगस्ट-सप्टेंबरात, फुलोरा धरायच्या दिवसांत येतात. आरास घरात करा किंवा कुंड्या दहा दिवस अंगणाच्या काळोख्या कोपऱ्यात सरकवा. रस्त्यावरच्या नगरपालिकेच्या दिव्याला काही करता येत नाही. तिथे झाडाची जागाच बदलायची.

आमच्याकडे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातच पाणी गोठतं. मग बाहेर लावण्यात अर्थ आहे का? (कॅल्गरी)

आहे, पण नेहमीच्या वाणांत नाही. तुमच्याकडे जूनचा दिवस साडेसोळा तासांचा. रात्र पुरेशी लांबून फुलोरा धरेपर्यंत ऑगस्टचा उत्तरार्ध उजाडतो, आणि पुढे तुरे पिकायला सात-आठ आठवडे हवेत. तेवढे तुमच्या हवेत मिळत नाहीत.

तुम्ही 'ऑटोफ्लॉवर' बी घ्या. रशिया-मध्य आशियाकडच्या बुटक्या रानटी जातीच्या संकरातून हे वाण आलेत. ते रात्र मोजत नाहीत, वयावर फुलतात, आणि बी रुजल्यापासून साधारण दहा-बारा आठवड्यांत काढणीला येतात. मेच्या मध्याला घरात बी, जूनच्या पहिल्या आठवड्यात बाहेर, ऑगस्टच्या मध्यापर्यंत काम संपलं. माल कमी निघतो. या झाडाला दोन गोष्टी सोसत नाहीत: वारंवार कुंडी बदलणं आणि शेंडा खुडणं. त्याचं आयुष्यच लहान, रुसून बसायला त्याच्याकडे वेळ नसतो. म्हणून बी सरळ मोठ्या कुंडीतच टाका आणि पहिले पंधरा दिवस ती कुंडी रात्री उचलून आत आणा. कॅल्गरीची गारपीट तुम्हाला ठाऊक आहेच. त्या दिवसांत कुंडी छपराखाली.

ताई, मी मुलाकडे सुपर व्हिसावर (आई-वडिलांसाठीचा लांब मुदतीचा व्हिसा) आले आहे. मुलगा-सून पंधरा दिवस बाहेर गेलेत आणि मला झाडांना पाणी घालायला सांगून गेलेत. टोमॅटोशेजारी चार उंच झाडं आहेत. पानं पाहिली आणि माझ्या पोटात गोळाच आला, आमच्या गावात अशी झाडं सापडली तर पोलीस घेऊन जातात. मला काही होईल का? रोज संध्याकाळी पाइपने झाड वरून छान धुऊन काढते, तरी पानं लोंबलेलीच असतात. (मार्कहम)

काही होणार नाही ताई, निवांत राहा. ऑन्टारिओत राहत्या घरी चार झाडं लावायला परवानगी आहे आणि त्यांना पाणी घातल्याने कुणावर गुन्हा येत नाही. पानाला हात लागला तर नशाही चढत नाही. कच्च्या पानातलं द्रव्य उष्णता लागल्यावरच नशेचं होतं. हात चिकट होतात आणि वास येतो तेवढाच, साबणाने धुतला की जातो. चिरंजीवांनी जाण्यापूर्वी आईला दोन शब्द सांगायला हवे होते, हे मात्र मी छापून मोकळी होते.

पानं लोंबतात ती पाणी जास्त झाल्याने. तुम्ही शेतीवाडीच्या घरातल्या दिसता, म्हणून सरळ सांगते: वाफसा येऊ द्या. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. कुंडी थोडी कलती करून पाहा, हलकी लागली की तहान लागलीय. भर उन्हात दुपारी पान मलूल दिसलं तर घाबरू नका, सूर्य कलला की ते उभं राहतं. पण सकाळी सकाळीच लोंबलेलं असेल आणि माती ओली असेल, तर मुळं गुदमरलीत. मग दोन दिवस पाणी बंद. बाकी जुलैच्या कडक उन्हात मोठं झाड दिवसाला सात-आठ लिटर सहज पितं, तेव्हा अगदी हात आखडताही घेऊ नका.

पाणी सकाळी घाला आणि बुडाशी घाला. संध्याकाळी वरून धुणं आजपासून बंद, रात्रभर ओली राहिलेली पानं आणि तुरे हे बुरशीला आमंत्रणच. आणि घरात नातवंडं असतील तर त्यांना झाडाजवळ खेळू देऊ नका. कुत्रा असेल तर खाली पडलेली पानं आणि तुरे त्याच्या तोंडी लागू देऊ नका, कुत्र्यांना ते फार बाधतं.

हो, आणि ठंडाईचा विचार मनात आला असेल तर तो मुलगा परत येईपर्यंत पुढे ढकला. किती पानात किती नशा हे इथल्या वाणांचं वेगळंच गणित आहे.

झाड नर आहे की मादी, हे नक्की कशावरून ओळखायचं? माझं बी मित्राने दिलेलं, पाकीट नव्हतं. (ओटावा)

मग साधारण निम्मी झाडं नर निघतील, असंच धरून चाला. जुलैच्या अखेरीस मुख्य खोडावर, पानाचा देठ जिथे फुटतो त्या बेचक्यात भिंगाने पाहा. तांदळाच्या कणीएवढं हिरवं टोक आणि त्यातून दोन पांढरे केस बाहेर आले असतील तर मादी. छोट्या देठावर गोल गोटी दिसली, नंतर तिचा घोस झाला, तर नर. गोट्या उघडायच्या आत ते झाड बुडातून कापा. एक नर चार घरांच्या मालात बी भरू शकतो, आणि शेजारी त्याबद्दल तुम्हाला चार शब्द ऐकवल्याशिवाय राहणार नाहीत.

हे काम पूर्वी आपल्याकडे पगारी होतं बरं का. इंग्रजी अमलात बंगालमधल्या नौगाव भागात, जो आता बांगलादेशात आहे, सरकारी परवान्याने गांजाची शेती व्हायची. तिथले शेतकरी नर झाडं वेचून काढायला 'पोद्दार' नावाचा जाणकार बोलवायचे. साहेब लोक त्याला गांजा-डॉक्टर म्हणायचे. १८९३-९४च्या भांग-गांजा चौकशी आयोगाच्या काळातल्या सरकारी कागदपत्रांत त्याचं वर्णन आहे. ओळीओळीतून फिरत, खोडावर नजर ठेवून, फुलं उमलायच्या आत निर्णय घ्यायचा. पोद्दाराकडे भिंग नव्हतं, तुमच्याकडे निदान फोनचा कॅमेरा आहे.

सप्टेंबरअखेर तुरे मनगटाएवढे झाले होते. एका तुऱ्यातलं एकच पान पिवळं पडून वाळलं. ओढलं तर अलगद हातात आलं. तुरा फोडला तर आत तपकिरी-राखाडी भुसा. बाकीचा तुरा छान दिसतोय. धुऊन वापरता येईल? (विंडसर)

नाही. धुऊन नाही, वाळवून नाही, तुपात उकळूनही नाही. बुरशी लागलेला माल फुप्फुसात ओढायचा नसतो आणि पोटातही घालायचा नसतो.

तुम्ही खूण अचूक पकडलीत, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते. बाहेरून निरोगी दिसणाऱ्या जाड तुऱ्यातलं एकच पान वाळतं आणि न तुटता, मुळासकट सुटून येतं. ही बोट्रायटिस, करडी बुरशी. द्राक्षाच्या घडात मणी घट्ट दाटले आणि काढणीला अवकाळी पाऊस झाला की आत जी सड लागते, तीच ही. स्ट्रॉबेरीवर येणारी राखाडी लव तीसुद्धा हीच. तिला उष्ण दुपार नको असते. १५ ते २० अंश तापमान आणि रात्रभर न सुकणारी ओल मिळाली की ती पसरते. आपल्याकडे सप्टेंबरात सरोवराचं पाणी अजून कोमट आणि रात्री गार, त्यामुळे सकाळी गवतातून चाललं तर बूट भिजतात. तेवढंच दव तुऱ्यांतही मुरलेलं असतं.

बरेचदा बुरशीच्या आधी अळी येऊन गेलेली असते. तुम्ही ज्याला भुसा म्हणता त्यात काळपट बारीक दाणे आहेत का ते पाहा. त्या अळीच्या लेंड्या. पतंग ऑगस्टमध्ये तुऱ्यांवर अंडी घालतो, अळी आत शिरून देठ पोखरते, आणि तिच्या लेंड्यांवर, जखमेवर बुरशी बसते. मक्यावरची खोडकिड्याची अळीसुद्धा या झाडावर येते, आणि विंडसर-चॅटहॅमच्या बाजूला मक्याला काय तोटा!

आता लगेच करायचं ते असं. लागण दिसते त्याच्या खाली चार बोटं सोडून फांदी कापा. कापलेला भाग हवेत झटकू नका, पिशवीत घालून तोंड बांधा आणि कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. दर कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा. मग उरलेला प्रत्येक जाड तुरा बोटांनी हलकेच उघडून पाहा. लागण दोन-चार ठिकाणी असेल आणि पुढचे पाच दिवस पाऊस सांगितला असेल, तर सगळं झाड कापा. पूर्ण पिकण्याची वाट पाहू नका. तुऱ्यावरच्या चिकट दाण्यांची टोकं सोनाराच्या भिंगाने पाहिलीत तर आधी काचेसारखी, मग दुधाळ, मग मधाच्या रंगाची होत जातात. दुधाळ झाली असतील तर माल काढणीला आलाय. मधाच्या रंगाच्या हट्टापायी निम्मा माल कुजवलेले लोक माझ्या ओळखीत आहेत.

पुढच्या वर्षीची तयारी जुलैपासून सुरू होते. झाडाचा खालचा तिसरा हिस्सा साफ करा: सावलीतला बारीक फुटवा, जमिनीला टेकणारी पानं, सगळं काढा. दोन कुंड्यांत हात पसरून उभं राहता येईल एवढं अंतर ठेवा. फांद्या दोरीने बाहेरच्या बाजूला ओढून बांधा म्हणजे मधून वारा जाईल. ऑगस्टपासून कोवळ्या अळ्यांवर बीटीची (अळ्या मारणाऱ्या जिवाणूंच्या औषधाची) फवारणी संध्याकाळी, कारण उन्हात तिचा असर लवकर जातो. कुठलंही औषध घेताना लेबलवर या पिकाचं नाव आहे का ते पाहा. भुरीसाठी गंधक आपल्या लोकांच्या हाताशी असतं, पण ते फुलोऱ्याच्या आधीच, आणि तिशीच्या वर पारा असताना मारलं तर पानं करपतात. फुलोरा आल्यावर तुऱ्यांवर तेल, गंधक, साबण काही नको. ते धुऊन जात नाही, शेवटी माणसाच्या पोटात जातं.

सप्टेंबर लागला की कुंड्या छपराच्या वळचणीला आणा, फक्त तिथला दिवा बंद ठेवा. सकाळी कॉफीच्या आधी प्रत्येक फांदी हलवून दव झाडा. माझा मुलगा त्यासाठी पाचोळा उडवायचं यंत्र वापरतो. शेजाऱ्यांची झोपमोड होते, पण तुरे सुकतात. आणि मुळात बी घेतानाच 'सप्टेंबरअखेर काढणी' असं लिहिलेलं घ्या. दाट तुऱ्याचे फोटो पाहून भुलू नका. जितका तुरा घट्ट, तितकी आत ओल अडकते. आपल्या हवेत सैल तुऱ्याचा वाण घरापर्यंत येतो.

म्युनिकला बाल्कनीत लावता येतं का? आणि माझी बहीण मॉन्ट्रियलला आहे, तिचं काय?

जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रत्येक सज्ञान माणसाला तीन झाडं आणि घरी ५० ग्रॅमपर्यंत वाळलेला माल ठेवता येतो. मुलांचा आणि बाहेरच्या माणसांचा हात पोचणार नाही अशी व्यवस्था हवी, तेव्हा तळमजल्याची उघडी बाल्कनी नको. सप्टेंबर-ऑक्टोबरचा गारवा तुमच्याकडेही आहे, बाल्कनीच्या छपराचा फायदा घ्या.

बहिणीला मनाई आहे. क्वेबेकने घरी लावायला बंदी घातलीय आणि २०२३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. तिने टोमॅटो लावावेत.

कॅनडात मुलगा असतो, त्याच्याकडून तुमचं सदर वाचायला मिळतं. आमच्याकडे पाण्याखालची दोन एकर आहे. उत्तराखंडात हेम्पला (धाग्या-बियांसाठीची, नशा नसल्यात जमा असलेली भांग) परवाने देतात असं ऐकलं. उन्हाळी पीक म्हणून इथे घेता येईल का? (सांगली जिल्हा)

नाही दादा, आणि उसाच्या आडोशाला तर अजिबात नाही. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. 'पान आणि बी कायद्यात नाही' असं गावात सांगणारे भेटतील. त्या कायद्यात गांजाच्या व्याख्येतून तुऱ्याशिवायचं पान आणि बी वगळलंय हे खरं, पण झाड लावणं हाच वेगळा गुन्हा आहे.

उत्तराखंडाने २०१८ मध्ये धाग्यासाठी आणि बियांसाठी परवाने द्यायला सुरुवात केली. अट अशी की झाडात नशेचं द्रव्य ०.३ टक्क्याच्या आत हवं. केंद्राच्या कायद्यातच राज्य सरकारला औद्योगिक लागवडीसाठी परवानगी देण्याची तरतूद आहे, पण तुमच्या हातात राज्याचा कागद आल्याशिवाय बी मातीत पडता कामा नये. हेम्पच्या बिया आणि त्यांचं तेल खाद्य म्हणून विकायला २०२१ पासून मान्यता आहे, म्हणून दुकानात पाकिटं दिसतात. त्यावरून लागवडीचा अर्थ काढू नका. आणि मुलाकडून बी मागवू नका. कॅनडाच्या कायद्यातही परवान्याशिवाय ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

काढणी झाली. आता वाळवायचं कसं? लोणच्याच्या रिकाम्या बरण्या आहेत, त्यात भरू का? (हॅमिल्टन)

आधी फांद्या उलट्या टांगा. खोली काळोखी, १५ ते २० अंश, आर्द्रता ५० ते ६० टक्के. तळघर चालेल, डीह्युमिडिफायर मात्र लावा. पंखा भिंतीकडे तोंड करून, तुऱ्यांवर थेट नको. घाई करून ओव्हनमध्ये घालू नका, वास जातो आणि गवतासारखी चव येते. आठ ते चौदा दिवसांनी बारीक काडी वाकवली तर कट्कन मोडली पाहिजे. नुसती वाकली तर अजून दोन दिवस.

मग काचेची बरणी, पाऊण भरायची. पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटं झाकण उघडून ठेवा. उघडताना अमोनियासारखा उग्र वास आला तर आत ओल आहे, माल बाहेर काढून पुन्हा पसरा. लोणच्याच्या बरण्यांचं म्हणाल तर काच कितीही घासली तरी झाकणाच्या रबरात हिंग-मोहरी मुरलेली असते. मागच्या वर्षी आमच्या मुलाचा अख्खा माल कैरीच्या लोणच्याच्या वासाचा झाला होता. झाकणं नवी आणा.

बरणीवर नाव आणि तारीख लिहा आणि ती कुलपात ठेवा. फडताळात ओव्याच्या शेजारी नको. घरात पाहुणे असतात, मुलं असतात, आणि आपल्या बायका वास घेऊन डबे उघडतात. खाण्याचे पदार्थ केलेत तर त्यांचा असर तासाभराने, कधी दोन तासांनी चढतो. तेवढ्यात 'काहीच होत नाही' म्हणून दुसरा तुकडा खाल्ला जातो आणि मग रात्रभर इमर्जन्सीत बसावं लागतं. मुलाच्या तोंडात गेलं तर वाट पाहू नका, लगेच ९११ किंवा विष-माहिती केंद्राला फोन करा. गाडी चालवायची असेल त्या दिवशी काहीच नको.